हुंकाऱ्याची जागा

पोळा होऊन बारा दिवस झाले तरी पावसाचा पत्ता नव्हता, तेव्हा चैतराम पुस्तोडेने टोल्याची बैठक बोलावली. बोलावली म्हणजे स्वतः घरोघर जाऊन सांगितली. दवंडी पिटणं त्याला पसंत नसे. माणसाला विचारलं पाहिजे, असं तो म्हणे, आणि खरोखरच प्रत्येक दारात उभा राहून विचारीही. फक्त उत्तरासाठी थांबायची सवय त्याला नव्हती.

नवाटोला ही वस्ती वसून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अर्जुनीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याशी वीस घरं. तलावालगत पुस्तोडे भाऊबंदांची पाच, मधल्या उतारावर टेकचंदच्या नात्यातल्या पोवारांची नऊ, आणि अगदी शेवटी, जिथे पाटाचं पाणी पोचता पोचता दमून जाई, तिथे मंगरू आणि त्याच्या माणसांची सहा गोंड घरं. तलाव सगळ्यांनी मिळून तीन उन्हाळे खोदला होता. मातीच्या पाट्या कोणी किती वाहिल्या याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तर तो पुस्तोड्यांना फारसा सोयीचा झाला नसता.

पहिल्या वर्षी बैठकीत नुसता कालवा होई. तीन जातींचे, तीन बोलींचे लोक एकदम बोलायचे आणि घरी जाऊन आपापला निकाल सांगायचे. शेवटी चैतरामच्या बापाने, मनिरामने, एक तोड काढली. झाडीपट्टीत गोष्ट सांगणारा कधी एकटा सांगत नाही. समोर एकजण बसतो आणि प्रत्येक वाक्याला "हव" म्हणतो. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. मनिरामने तीच रीत बैठकीला लावली. बोलणारा एक, हुंकाऱ्या एक, बाकीचे गप. हुंकाऱ्याच्या "हव"चा अर्थ एवढाच की ऐकू आलं, पुढे बोल. त्याला होकार समजायचा नाही, आणि म्हणूनच चटईवर बसलेल्या हुंकाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही. सांगायचं असेल तर चटईवरून उठायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची.

रीत चांगली होती. तिच्यात खोट एवढीच राहिली की बोलणारा दरवेळी चैतराम होता आणि हुंकाऱ्या दरवेळी त्याचा मोठा भाऊ बकाराम.

बकारामने ती जागा स्वतःहून घेतली होती. जुन्या गावी, चुलत्यांशी शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात, पंचांनी विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यापायी चार चुलतघरांची दारं त्यांना बंद झाली. नवाटोला वसला तो त्यामुळेच. तेव्हापासून बकारामने बोलणं जवळजवळ टाकलंच. हुंकाऱ्याची चटई त्याला मानवली. तिथे बसलं की मोठेपणाचा मान मिळे आणि मत मात्र कुणी मागत नसे. लोक त्याला शहाणा समजत. गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्याला शहाणा समजायची सवय सगळीकडेच असते.

सुलोचनाबाई त्याला शहाणा समजत नव्हती. ती त्याची बायको होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी बकाराम घरापुढच्या सपरीत बसून दोर वळत होता. ती पाणी घेऊन आली, डोक्यावरचा गुंड खाली ठेवला आणि उभीच राहिली.

"मंगरूच्या घरी पोळ्याले भिंती सारवल्या नाही," ती म्हणाली.

"हूं."

"हूं नोका करू, आयका. सहाच्या सहा घरी नाही सारवल्या. माती बी भिजू नाही घातली. ज्याले राहाचा आहे थो सारवते. ज्याले जाचा आहे थो कायले सारवन?"

बकारामने दोराचा पीळ धरून ठेवला. "कोनी म्हनला, जाऊन राहिले म्हनून?"

"कोनी नाही म्हनला. म्हनूनच तं. भांडन करनारा मानूस राहाले पाहाते. हे लोक पोळ्यापासून भांडून नाही राहिले." ती पायरीवर टेकली. "भाऊजीनं काल का सांगतला तुमाले?"

चैतरामने काल जे सांगितलं होतं ते बकारामने चार शब्दांत सांगितलं: पाणी वरून खाली सोडायचं. तलाव अर्धा आहे. तेवढ्यात वरची आणि मधली शेतं भिजतील. खालच्यांच्या धानाच्या बांध्यांपर्यंत काही उरणार नाही. त्यांना पिकलेल्या धानातून वाटा द्यायचा.

"अना बाबाजीनं का ठरवला होता?"

मनिरामने ठरवलं होतं ते टोल्यातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. कमी पावसाच्या साली पाणी शेवटच्या बांधीपासून वर यायचं. गेल्या अकरा वर्षांत तशी पाळीच आली नव्हती, म्हणून ते पाळणं सोपं गेलं होतं.

"तिसऱ्या साली तलावाची पार फुटाले आली," सुलोचनाबाई म्हणाली. "तवा फुटल्या जाग्यात कोन झोपला? टेकचंद झोपला का? भाऊजी झोपला? मंगरू अना त्याचा भाऊ आडवे झाले चिखलात, अना त्याईच्या पाठीवरून तुमी माती लोटली. मी पाहाले होतो तिथी."

"मीबी होतो."

"हव ना. तुमी सगऱ्या ठिकानी राहाता."

आतून दुधराम बाहेर आला. बकारामचा थोरला, पंचविशीचा, नुकताच बाप झालेला. तो काकाच्या पंखाखाली वाढला होता. काका त्याला बाजाराला नेई, गोंदियाला नेई, चार माणसांत पुढे करी. बापाने त्याला काय दिलं असेल तर दोर वळायची कला.

"आई, काकाची गोष्ट बराबर आहे," तो म्हणाला. "आधा पानी तं पाटातच मरते. खाली सोडला तं ना त्याईचा होते ना आपला. धान देऊन राहिलो ना आपुन? फुकट."

"फुकट धान कोनाले देतेत मालूम आहे का तुले?" सुलोचनाबाई म्हणाली. "मागाले येते त्याले. त्याईची लेकरं आपल्या दारात सूप घेऊन उभी राहातीन, अना तू मोजून देशीन. मंग थे तुही बरोबरी करतीन का बैठकीत?"

दुधरामने बापाकडे पाहिलं. सुलोचनाबाईनेही पाहिलं. बकाराम दोर वळत राहिला. दोघांनाही वाटलं की तो आपल्या बाजूचा आहे, आणि दोघेही तसेच निघून गेले.

त्याच वेळी चैतराम मंगरूच्या आंगणात उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाईट दिसणार आहे. टोल्यात त्याच्याइतकं झटणारं दुसरं कोणी नव्हतं. कुणाचा बैल आजारी पडला की औषध तो आणी, कुणाच्या पोरीचं लग्न अडलं की चार गावं तो फिरे. वीस घरांचा टोला हीच त्याच्या आयुष्यातली एकमेव अभिमानाची गोष्ट होती, आणि तो टोला आपण बोलून बोलून उभा केला असं त्याला मनापासून वाटे. ते निम्मं खरंही होतं.

"काय गा मंगरू, धान का म्हनते?"

"धान..." मंगरू म्हणाला.

"सुकून राहिला. मले दिसते ना. निसवाच्या टायमाले पानी नाही तं लोंबी पोचट. म्हनूनच तं आलो. तुले इचारल्याबिगर मी बैठकीत तोंड उघडत नाही."

मंगरूने खाट पुढे ओढली. चैतराम बसला नाही.

"पाट..." मंगरूने सुरुवात केली.

"पाटाचाच तं सांगून राहिलो. पाट लंबा आहे. तुमच्या बांधीत येयेपर्यंत जमीन पिऊन टाकते पानी. मंग मी म्हनलो, हे लोक मरमर करतीन अना हाती काई नाही. त्यापेक्षा वरचा पिकवू, अना तुमाले धान देऊ. बांधी पाहून देऊ, कमी नाही देत. कसा?"

मंगरूने त्याच्याकडे पाहिलं, मग पाटाच्या दिशेने पाहिलं.

"मले वाटलाच होता, तू समजून घेशीन," चैतराम म्हणाला, आणि खरोखर समाधानाने पुढच्या घराकडे गेला.

मंगरू आपल्या माणसांत मुका नव्हता. सहा घरांत आणि आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांत त्याच्याशिवाय पान हलत नसे. रात्रभर गाणी म्हणणारा, व्याह्यांना शब्दांत पकडणारा म्हणून त्याची ख्याती होती. पण ही दुसऱ्यांची बोली त्याला जपून वापरावी लागे. वाक्य आधी मनात जुळवायचं, मग बोलायचं. पहिल्या वर्षीच्या एका बैठकीत तो उभा राहिला होता. त्याचं वाक्य अर्ध्यावर असताना चैतरामने ते पुरं करून दिलं, मदत म्हणून. पुरं केलेलं वाक्य मंगरूचं नव्हतं, पण लोकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या ओळीत कुणीतरी त्याच्या उच्चारावर हसलं. त्यानंतर तो उठला नाही. उठायची गरज त्याला वाटेना, कारण समोर चटईवर बकाराम असे, आणि या माणसाला सगळं दिसतं असा मंगरूचा भरवसा होता. अकरा वर्षं त्याने त्या भरवशावर काढली. यंदा खालचं धान सुकू लागलं तरी बकाराम बोलला नाही, तेव्हा पोळ्याला तो भरवसा संपला आणि त्याने घरी सांगितलं, भिंती राहू द्या.

बैठक दुपारी, जेवणं झाल्यावर भरली. चैतरामच्या आंगणातल्या मोहाखाली माणसं बसली. पुढे पुस्तोडे, मध्ये पोवार, मागे गोंड. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शेतं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने माणसंही बसत आली होती. बायका सपरीच्या आत, दाराआड. बकाराम शिंदीच्या चटईवर येऊन बसला, धोतराचा सोगा गुडघ्यांवर घेतला, आणि चैतराम उभा राहिला.

"यंदा पाऊस रुसला," चैतराम म्हणाला.

"हव."

"तलावात आधा पानी आहे."

"हव."

"आधा पानी सगऱ्याईले पुरत नाही."

"हव."

"बाबाचा सांगना होता, खालून वर. पन बाबाच्या टायमाले तलाव भरून राहे. आता पाटातच पानी मुरते. बाबा आज असता तं त्यानंबी हेच सांगतला असता."

इथे बकारामचं "हव" थोडं उशिरा आलं. पण आलं.

"म्हनून पानी वरच्या अना मंधातल्या बांध्याईले द्याचा. खालच्या सहा घराईले आपुन धान देऊ. त्याईले मंजूर आहे, मी सकारीच इचारून आलो."

चैतराम थांबला. त्याच्या बोलण्याला एक ताल होता आणि त्या तालात आता भावाचा आवाज यायला हवा होता. आवाज आला नाही.

त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. बकाराम समोर बघत बसला होता. डोळे उघडे, तोंड बंद.

आंगणात अशी शांतता कधी झाली नव्हती, आणि प्रत्येकाने तिचा आपल्या सोयीने अर्थ लावला. चैतरामला वाटलं, आपण काल न सांगितलेल्या कशावरून तरी दादा रागावला. दुधरामला वाटलं, बापाला भोवळ आली. टेकचंदला वाटलं, म्हातारा झोपला.

"दादा सो गया का?" टेकचंद म्हणाला. "दूसरा कोनी बसो. काम अटकाओ मत."

मंगरूला काहीच वाटलं नाही. या माणसाचं गप्प बसणं त्याने अकरा वर्षं पाहिलं होतं. त्यात आजच्या गप्पपणाची भर पडली, एवढंच.

दाराआड उभ्या असलेल्या सुलोचनाबाईला मात्र कळलं. तिला हेही कळलं की हा माणूस आता एवढ्यावरच थांबणार. हुंकार अडवून धरला म्हणजे आपलं काम झालं, असं समजून तो असाच बसून राहील. मग दुधराम त्याला उठवून घरी आणील, टेकचंदचा भाऊ चटईवर बसेल, आणि उद्या पाणी वरून सुटेल. ती पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. बायकांनी बैठकीत यायचं नसे, पण भोवळ आलेल्या नवऱ्याला पाणी द्यायला कुणी हरकत घेईना.

लोटा तिने त्याच्या हातात दिला नाही.

"थे जागे आहेत," ती बैठकीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमच्या पोटात का आहे थे या आंगनात कोनालेच दिसत नाही. मले दिसते, पन माहा कोन आयकते? बोला. नाहीतं हव म्हना अना मोकरे व्हा."

दुधराम उठून पुढे आला. "बाबा, तुमी हुंकार देवाले बसले. चटईवर बसून बोलता नाही येत."

मुलगा नियमाला धरून बोलला होता. बकारामने मान हलवली, चटईवर हात टेकला आणि उठला. उठून तो दोन पावलं बाजूला मातीत उभा राहिला. हात कुठे ठेवावे हे त्याला समजेना.

"पानी खालून वर जाईन," तो म्हणाला. आवाज नको इतका मोठा निघाला. "आपल्या पाच घराच्या बांधीले शेवटी. उरला तं उरला."

टेकचंदच्या बाजूने कुरकुर झाली. चैतरामला ती ऐकूही आली नाही.

"दादा, हे तू काल सांगता, तं मी..."

"काल तू इचारला का?"

"इचारला ना! सपरीत येऊन इचारला."

"इचारला, अना उत्तरबी तूच देऊन गेला. मंगरूलेबी तसाच इचारला अशीन. त्यानं मंजूर म्हनला का? कोनत्या तोंडानं म्हनला?"

चैतरामच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भावाने चारचौघांत त्याला असं कधी धरलं नव्हतं. पण तो बोलण्यात मुरलेला माणूस होता, आणि जे बोलला ते खोटं नव्हतं.

"ठीक आहे. मी आयकत नाही. माहा तोंड चालते, मले मालूम आहे. पन तुह्या तोंडाले कोनी कुलूप लावला होता? घरं कुठी बांधाचे, थे मी बोललो. कोनाच्या बांध्या कुठी, थे मी बोललो. मंगरूले शेवटी जागा देल्ली, तवाबी मीच बोललो. तू इथी चटईवर होता. हुंकार म्हंजे होकार नाही, हे मलेबी समजते. पन नाही म्हनाचा होता तं उठून उभा राहाले किती वेर लागते? आज लागला तितलाच. अकरा साल तू उठला नाही दादा. माहा सगरा वाईट तू होऊ देल्ला, अना आज तू एका दिवसात चांगला झाला."

 बकाराम मातीत उभा राहिला आणि त्याला लाज वाटली, इतकी की धाकट्या भावाकडे पाहवेना. लोटा घेऊन पुन्हा दाराशी गेलेल्या सुलोचनाबाईलाही त्या क्षणी दीर बरोबर वाटला. आपण सकाळी जे म्हणालो तेच हा म्हणतो आहे, हे तिला कळत होतं.

"थे माही चुकी आहे," बकाराम शेवटी म्हणाला. "पन पानी खालूनच जाईन."

"अना हमारो धान?" टेकचंद उठून आपल्या पोवारीत म्हणाला. "मंधात नऊ घर सेत. आधो पानी पाटमा जासे, चैतरामभाऊ सही बोलसे. दया धरम ठीक से, पर पानी त पानी से."

आता सगळे एकदम बोलू लागले, पहिल्या वर्षी बोलत तसे. चटई रिकामी होती, आणि ती रिकामी असताना कुणी कुणाचं ऐकायचं हे कुणाला आठवेना.

तेव्हा मागच्या ओळीत मंगरू उठून उभा राहिला. त्याला पाहून आधी मागचे गप्प झाले, मग मधले, मग पुढचे.

"मी बोलू का?" तो म्हणाला.

कुणी नको म्हणालं नाही. मंगरू माणसांमधून वाट काढत पुढे आला, चैतरामच्या जागेजवळ, आणि थांबला. हुंकाऱ्या नव्हता. दुधरामच्या ते लक्षात आलं आणि तो चटईकडे सरला.

"तू नोको," मंगरू म्हणाला. "चैतरामभाऊ बसन."

चैतरामने भावाकडे पाहिलं. बकाराम खाली बघत होता. त्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने नजर दुसरीकडे नेली. सपरीच्या दारात चैतरामची बायको सुशिला सुलोचनाबाईच्या शेजारी येऊन उभी होती, आणि बसा म्हणून तिने हळूच हात खाली केला. चैतराम चटईवर बसला. इथून माणसं वेगळी दिसत होती. सगळे चेहरे वर उभ्या असलेल्या माणसाकडे लागलेले, त्याच्याकडे एकही नाही.

मंगरूने मनात वाक्य जुळवलं. कुणी घाई केली नाही.

"पानी पाटात मरते," तो म्हणाला.

"मरतेच ना, कायले का पाट लंबा..."

मंगरू थांबला. लोक थांबले.

"नुसतो हव कहो," टेकचंद म्हणाला, आणि चारदोन जण हसले. चैतरामचे कान लाल झाले.

"हव," तो म्हणाला.

"लंबा आहे म्हनून नाही मरत."

"हव."

"परसाच्या झाडापाशी पाट वाकडा होते. तिथी खेकड्याईनं बिरं केली. हाताएवढी. पानी तिथून नाल्यात जाते. आधा पानी नाल्यात जाते."

चैतरामचं तोंड उघडलं. त्यात किमान चार प्रश्न होते. कधीपासून, किती, कुणी पाहिली, आधी का नाही सांगितलं. त्याने चारही गिळले.

"हव."

"दोन सालापासून. मी बुजवलो, एकट्यानं नाही बुजत. दगड पायजे. वीस घरचे मानसं दोन दिवस लागले तं होते. मंग पानी खाली येते, अना वरबी उरते. आज सकारी मी सांगून राहिलो होतो. पाट म्हनलो."

हे ऐकून टेकचंद आपल्या माणसांकडे वळून काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. दोन दिवसांच्या दगडमातीत नऊ घरांचं पीक वाचत असेल तर भांडणात राम उरला नव्हता. पाण्याचा प्रश्न तिथेच मिटला, इतक्या सहज की बकारामच्या धाडसाची आता कुणाला आठवणही राहिली नव्हती.

"हव," चैतराम म्हणाला. सकाळचा तो एक शब्द त्याला आठवला, आणि त्यावर आपण किती बोललो तेही.

मंगरू मात्र बसला नाही.

"पाटाचा झाला. आता आमचा सांगतो," तो म्हणाला.

"हव."

"आमी सहा घर सोमवारी जाऊन राहिलो होतो. माह्या सासऱ्याच्या गावी, जंगलाकडे. थो जागा देते. भाऊ अना भाचा, दोन घर, आज सकारीच गेले. तुमी आंगनात आले तवा त्याईची गाडी नाल्यापार होती."

चैतरामने मान वळवून मागची ओळ मोजली. चार घरची माणसं होती. मंगरूचा भाऊ नव्हता, पार फुटायला आली तेव्हा चिखलात मंगरूसोबत आडवा झालेला. भाचा नव्हता. सकाळी तो खालच्या सहाही घरांच्या दारांत उभा राहिला होता. त्यातल्या दोन दारांत कुणीच नव्हतं, आणि शेतावर गेले असतील असं म्हणून तो तिथेही आपलं बोलून, शेजाऱ्याला सांगून पुढे गेला होता.

मंगरू वाट पाहत होता. हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य येणार नव्हतं, आणि चैतरामकडून हुंकार येत नव्हता. टोला आपला आहे असं ज्याला अकरा वर्षं वाटत आलं, त्याच्या डोळ्यांदेखत तो टोला रिकामा होत होता आणि त्याला त्याचा आवाजही आला नव्हता. त्याला रडू येत होतं. सगळ्यांसमोर येत होतं, आणि ते थांबवायला एरवी जे त्याच्या हाताशी असे ते बोलणं आज त्याला मना होतं.

"हव," तो म्हणाला. कसाबसा.

"बाकी चार घर राहातीन. बकारामदादा उठला म्हनून नाही. बिरं बुजवाले हात पायजेत, अना आमचा धान उभा आहे, म्हनून."

"हव."

"गेले त्याईले मी वापस नाही आनत. माहा भाऊ माह्यावरबी नाराज आहे. मी इतले साल गप राहिलो म्हनते थो. आनाचे असतीन तं तुमी जा, चैतरामभाऊ. पन तिथी जाऊन बोलू नोका. त्याच्या आंगनात खाली बसा, अना थो बोलन थे आयका. थो शिव्या देईन. दोन दिवस देईन. पुरा झाल्याबिगर उठू नोका."

चैतरामने मान हलवली. मंगरू उभाच राहिला. नुसती मान त्याने धरली नाही. आंगणातल्या कुणीही, बकारामनेसुद्धा, चैतरामच्या वतीने उत्तर दिलं नाही.

"हव," चैतराम म्हणाला.